न्यूझीलंड, हरणाची शिकार आणि .३०८ की ७एमएम-०८ हा घोळ

तू विचारलंयस की पुढच्या वर्षी तू आणि बायको न्यूझीलंडला येताय, लायसन्स काढून हरणाच्या शिकारीला जायची दोघांचीही इच्छा आहे, दोघांत मिळून एकच रायफल घ्यायचीये, आणि वाचून वाचून गाडी .३०८ विंचेस्टर आणि ७एमएम-०८ रेमिंग्टन या दोन काडतुसांपाशी येऊन अडकलीये. "ताई तुम्ही दोन्ही वापरल्यात, एक काय ते सांगा." सांगते. तुम्हा दोघांसाठी ७एमएम-०८. पण कारणं नीट वाच, कारण तुमचं एखादं गणित वेगळं निघालं तर उत्तर फिरू शकतं, आणि मग ताईने सांगितलं म्हणून घेतली असं नको.

आत्ता दोन्हीचं एकेक काडतूस काढून टेबलावर शेजारी शेजारी उभं केलंय. खालून बघत गेलं तर बूड तेच, १२ मिलिमीटरचं, अंग तेच, खांद्याचा उतार तोच, फक्त वर मान सुरू होते तिथे एक जरा बारीक दिसतं. बारीक म्हणजे किती, तर .३०८ ची गोळी ७.८२ मिमी आणि दुसरीची ७.२१, म्हणजे सहा दशांश मिलिमीटरचा फरक. आणि त्यात आश्चर्य काहीच नाही कारण ही आई आणि लेक आहेत. .३०८ आली १९५२ साली, लष्करी ७.६२ बाय ५१ चं हे सिव्हिलियन भावंड, म्हणजे आपल्या लष्कराच्या जुन्या एसएलआर रायफलीत जे काडतूस जायचं त्याच घराण्यातलं. रेमिंग्टनने १९८० मध्ये त्याच कवचाची मान आवळून त्यात ७ मिमीची गोळी बसवली आणि झालं ७एमएम-०८. त्या नावातला ०८ म्हणजे आईचंच नाव आहे. इकडे बोलताना लोक थ्री-ओ-एट आणि सेव्हन-ओ-एट म्हणतात, दुकानात घाईत बोललं तर ऐकणारा चुकू शकतो म्हणून मी नेहमी डबा हातात घेऊन वाचते.

आता आकडे, कारण तुला आकडे हवेत हे प्रश्नावरूनच कळलं. नेहमीची फॅक्टरी काडतुसं घेतली तर ७एमएम-०८ ची १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळी तोलायचं माप) गोळी नळीतून साधारण ८७० मीटर प्रति सेकंदाने निघते आणि .३०८ ची १५० ग्रेनची ८६० च्या आसपास. ऊर्जा पहिलीची साधारण ३४५० ज्यूल, दुसरीची ३५९०. चार टक्के. चार टक्क्यांनी हरीण जास्त मरत नाही रे. उलट गंमत अशी की गोळी किती खोल जाणार याचा अंदाज ज्यावरून काढतात ती सेक्शनल डेन्सिटी, म्हणजे गोळीचं वजन आणि तिची जाडी यांचं प्रमाण, १४० ग्रेनच्या ७ मिमी गोळीची .२४८ येते आणि तेवढीच गाठायला .३०८ मध्ये १६५ ग्रेनची गोळी घ्यावी लागते. म्हणजे तेच काम सेव्हन-ओ-एट कमी वजनात करते, आणि कमी वजन म्हणजे खांद्याला कमी मार. २०० मीटरवर नेम बसवला तर ३०० मीटरवर दोन्हींच्या घसरणीत दोनतीन सेंटिमीटरचा फरक पडेल, वाऱ्यातही ७ मिमी थोडी कमी वाहवते, पण ३०० मीटरवर तुझा हात त्यापेक्षा जास्त हलणारे, पहिली दोन वर्षं तरी. आणि इथल्या दाट जंगलात जनावर दिसतं तेच मुळी ५०-८० मीटरवर, कधी तर इतकं जवळ की स्कोपमध्ये नुसती तपकिरी केसांची भिंत दिसते.

सगळा फरक आहे धक्क्यात. साडेतीन किलोच्या रायफलीत ७एमएम-०८ चा धक्का .३०८ पेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी येतो. कागदावर हे किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं.

माझी पहिली रायफल .३०८ होती, डोंगर चढायचा म्हणून हलक्यातली हलकी घेतली, आणि हलकी रायफल म्हणजे धक्का दुप्पट मोठा वाटतो हे मला कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नाही. रेंजवर वीसेक बार काढले, खांदा जांभळा झाला, कागदावर भोकं बरी पडली म्हणून मी खुश. मग पहिल्या शरदात एक मादी ऐंशी मीटरवर उभी मिळाली, आडवी, शांत, याहून सोपा नेम असूच शकत नाही, आणि मी तिच्या पोटात मारली. फुप्फुसाच्या चांगली वीतभर मागे. अडीच तास तिच्या मागावर होतो आम्ही, ओढ्याच्या काठाने, शेवटी सापडली आणि दुसरी गोळी घालावी लागली. ते अडीच तास मला अजून नको वाटतात आठवायला.

नंतर आमच्यातल्या एका जुन्या शिकाऱ्याने मला रेंजवर नेलं, माझ्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं, तीन खरी काडतुसं आणि मध्येच दोन डमी, कुठली कधी येणार ते मला माहीत नाही. दुसऱ्याच वेळी चाप ओढला, नुसतं टक् झालं, बार नाहीच, आणि माझ्या डोळ्यादेखत नळी दोन बोटं खाली गेली. डोळे मिटलेले ते वेगळंच. म्हणजे मी बार व्हायच्या आधीच घाबरून रायफल दाबत होते, आणि खरा बार झाला की तो धक्का सगळं झाकून टाकायचा म्हणून मला कधी कळलंच नाही. त्यानंतर ७एमएम-०८ घेतली. सवय जायला तरी सहा महिने लागले, नवीन रायफल घेतल्याने सवय आपोआप सुटत नाही, पण निदान रोज नव्याने लागायची थांबली. नवऱ्याला .३०८ ने काहीच होत नाही, तो ती आनंदाने वापरतो, म्हणून तुझ्यापुरतं विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं कुठलीही घे. पण एक रायफल दोघांची आहे, तर ती दोघांत ज्याला धक्का जास्त खुपतो त्याच्या मापाने घ्यायची.

.३०८ कुठे जिंकते तर काडतुसं मिळण्यात. हे मोठं आहे, उडवून लावू नकोस. लहान गावातल्या दुकानात, जिथे शिकारीचं सामान आणि शेतीचं सामान एकाच छपराखाली मिळतं, तिथे .३०८ चे पाचसात प्रकार असणार आणि ७एमएम-०८ चे दोन, त्यातला एक तुझ्या रायफलीला न आवडणारा. हो, रायफलींना आवडनिवड असते, एकाच कंपनीची दोन वजनं घेतली तर एकीचा कागदावरच्या भोकांचा गट रुपयाच्या नाण्याएवढा येतो आणि दुसरीचा बशीएवढा. यावर उपाय सोपा आहे, आवडलेलं काडतूस सापडलं की एकाच लॉटचे पाचसहा डबे उचलायचे आणि विषय संपवायचा, हरणाच्या शिकारीत वर्षाला लागतात किती. मात्र रेंजवर दर आठवड्याला जाऊन शंभर बार काढायची हौस असेल तर .३०८, ती त्यात स्वस्त पडते. एक सावधानता, स्वस्त मिळतात म्हणून लष्करी पद्धतीची फुल मेटल जॅकेट काडतुसं हरणासाठी घेऊ नकोस, ती फुलत नाहीत, सुईसारखी आरपार जातात आणि जनावर पळून कुठेतरी झुरत मरतं.

आखूड नळीतही .३०८ थोडी उजवी. इकडे सप्रेसर, म्हणजे नळीच्या टोकाला बसवायचं आवाज कमी करणारं नळकांडं, सर्रास लावतात, त्याला वेगळं लायसन्स लागत नाही, आणि सप्रेसरने लांबी वाढते म्हणून लोक नळी कापून १६-१८ इंचांवर आणतात कारण जंगलात लांब नळी प्रत्येक वेलीत अडकते. जाड भोकाची .३०८ यात वेग जरा कमी गमावते. सेव्हन-ओ-एट घेतलीस तर १८ च्या खाली नको जाऊ, २० असेल तर उत्तम. आणि सप्रेसर पहिल्या दिवसापासून लाव, आवाज तर कमी होतोच, धक्काही चांगलाच कमी होतो आणि घाबरण्यात अर्धा वाटा आवाजाचा असतो. कानाला तरीही काहीतरी लावायचंच.

"झाडीत .३०८ ची गोळी फांद्या तोडून जाते" हे तुला कोणीतरी सांगणार, इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच. नाही जात. कुठलीच भरवशाने जात नाही, करंगळीएवढ्या काटकीला लागली तरी वाकडी होते, मग ती कितीही जाड असो. मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचं नाहीतर सोडून द्यायचं. कॅलिबरपेक्षा, म्हणजे गोळीच्या जाडीपेक्षा, गोळी कुठल्या बांधणीची हे जास्त महत्त्वाचं आहे: साधी मऊ टोकाची शिसाची गोळी मध्यम अंतरावर दोन्हीत छान काम करते, तांब्याची घेतलीस तर एक पायरी हलकी घे (७एमएम मध्ये १२० ग्रेन, .३०८ मध्ये १३०) कारण तांब्याला फुलायला वेग लागतो.

आता जनावरं कुठली ते. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे वटवाघळं, बस. हरणं सगळी बाहेरून आणलेली, १९व्या शतकात आणि नंतर, आणि त्यांनी जंगलाची इतकी नासाडी केली की १९३० च्या दशकात सरकारने पगारी माणसं ठेवून ती मारायला लावली, तीही त्या काळी बहुतेक .३०३ घेऊन, आपल्या पोलिसांची ती थ्री नॉट थ्री. म्हणून तुला दोन्हींपैकी कुठलंही कमी पडेल ही भीती काढून टाक. लाल हरीण जवळपास सगळीकडे, सिका उत्तर बेटाच्या मध्यावर कायमानावा आणि कावेका डोंगरांत, फॅलो बऱ्याच ठिकाणी, आणि ऐकून गंमत वाटेल पण सांबरसुद्धा, १८७५ च्या सुमारास श्रीलंकेहून आणून उत्तर बेटावरच्या मानावातू भागात सोडलेले. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे इथे पहिल्यांदा सांबराचा तो ढँक् आवाज ऐकला तेव्हा मी रायफल खांद्याला न लावता नुसती उभी राहिले होते. डोक्यातच येत नव्हतं की याला मारायला परवानगी आहे. तर फक्त सांबराच्याच मागे लागायचा विचार असेल, मोठा नर २०० किलोच्या वर जातो, तर तिथे मी १८० ग्रेनवाली .३०८ म्हणेन. बाकी लाल, सिका, फॅलो, सगळ्याला ७एमएम-०८ भरपूर.

लायसन्सचं थोडक्यात. तिथून आधी कुठलीच रायफल ठरवून पैसे भरू नकोस. सेफ्टीचा कोर्स आणि परीक्षा, मग अर्ज, मग ओळखीच्यांची आणि घरातल्या माणसाची मुलाखत, मग घरी येऊन तिजोरी बघतात, काही महिने धरून चाल. बायकोला स्वतंत्रपणे रायफल वापरायची तर तिचं लायसन्स वेगळं. २०१९ नंतर शिकारीच्या दमाच्या बहुतेक सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) बंद आहेत तेव्हा दर बाराला हाताने कडी ओढायची ती बोल्ट अॅक्शनच बघ, आणि जून २०२३ पासून बंदुकांची नोंदणी सुरू झालीये तीही करावी लागते. सरकारी जंगलात शिकारीचा परवाना डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनकडून, इकडे सगळे डॉक म्हणतात, ऑनलाइन आणि फुकट, खाजगी जमिनीवर मालकाला विचारून. आणि एक नियम इथे लहान पोरांनाही पाठ असतो, समोर काय आहे याची शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय चाप नाही. मार्चअखेर ते एप्रिल नर ओरडतात, त्याला रोअर म्हणतात, त्या दिवसांत जंगल माणसांनी भरलेलं असतं आणि हरणाची हुबेहूब नक्कल करून ओरडणारा तो झुडपामागचा नर कधी कधी दुसरा शिकारीच असतो.

लायसन्स येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. लायसन्सवाल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली, तो शेजारीच असताना, बिनलायसन्सवाल्याला रायफल चालवता येते. आमच्याकडे या, दोन्ही आहेत, एक दिवस रेंजवर जाऊ. (दोन्ही आहेत म्हणून डबे मात्र वेगवेगळ्या कप्प्यात, आणि टेबलावर एका वेळी एकच उघडा. काडतुसं इतकी सारखी दिसतात की एका घरात दोन्ही ठेवणं मी तुला सुचवणार नाही, आमचं झालंय म्हणून झालंय.) दस्त्याची लांबीही तेव्हाच बघू, तुझ्या मापाचा दस्ता बायकोला लांब पडला तर ती मान ताणून नेम धरणार आणि मग धक्का गालावर घेणार, मागे पट्ट्या घालता-काढता येतील असा दस्ता घेतला की दोघांचं भागतं.

रेंजवर आधी तिला बसू दे. मॅगझिन मी भरेन, डमी मिसळून. तू तिच्या मागे उभा राहा आणि कागदाकडे अजिबात बघू नकोस, नळीच्या टोकाकडे बघ. मग तू बस, ती बघेल.