नेटब्यूई, आयपीएक्स, ॲपलटॉक हे जुने प्रोटोकॉल राउट होतात का?

नेटब्यूई राउट होत नाही, म्हणजे राउटरमधून एका नेटवर्कातून दुसऱ्यात जात नाही, पण आयपीएक्स आणि ॲपलटॉक व्यवस्थित होतात, त्यामुळे ‘जुना म्हणजे राउट न होणारा’ हा समज सोडून द्या. प्रश्न वयाचा नाही, पत्त्याचा आहे. पॅकेट कुठे पाठवायचं हे राउटर पत्त्यातल्या नेटवर्क क्रमांकावरून ठरवतो. आयपीएक्सच्या पत्त्यात ३२ बिटांचा नेटवर्क क्रमांक आणि पुढे ४८ बिटांचा नोड क्रमांक (बहुधा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअर क्रमांकच) असतो. ॲपलटॉकमध्ये १६ आणि ८ बिट. नेटब्यूईत असा नेटवर्क क्रमांकच नाही. असतं ते फक्त नाव, १५ अक्षरांचं, आणि सेवेचा प्रकार सांगणारा सोळावा बाइट. एखादं मशीन शोधायचं तर नेटब्यूई त्या नावाने अख्ख्या सेगमेंटवर (राउटरच्या अलीकडच्या नेटवर्कावर) हाक मारतो, आणि ती हाक राउटरपाशीच थांबते. राउटरऐवजी ब्रिज (पत्त्यातला नेटवर्क क्रमांक न पाहता दोन सेगमेंट जोडणारं उपकरण) असेल तर पलीकडे जाते.

नेटब्यूई आणि नेटबायोस यांची मात्र गल्लत करू नका, ती फार जण करतात. नेटबायोस हा प्रोग्रामांना नावाने एकमेकांशी बोलू देणारा इंटरफेस, नेटब्यूई हा तो वाहून नेणारा एक प्रोटोकॉल. नेटबायोस टीसीपी/आयपीवरून चालवला (त्याचे नियम १९८७ च्या आरएफसी १००१ व १००२ या मानक दस्तऐवजांत आहेत) तर तो राउट होतो. फक्त राउटरपलीकडची नावं सापडायला विन्स सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) किंवा एलएमहोस्ट्स फाइल (नावं आणि आयपी पत्त्यांची यादी) ठेवावी लागते.