‘बायको बोलायला लागली की जांभई येते’

‘आमच्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही’ ही तक्रार लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली बरीच जोडपी घेऊन येतात. ठाण्याच्या या गृहस्थांनी ती जरा जास्तच उघडपणे मांडली. “मॅडम, बायको बोलायला लागली की मला जांभई येते. तिच्याबरोबर गाण्याला गेलो तरी तेच. प्रेम आटलं का हो?” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी मी आधी झोप, भूक, आवडीनिवडी यांची चौकशी करते. दोन-दोन आठवडे कशातच गोडी वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. इथे तसं काही नव्हतं. ट्रेक ठरला की स्वारी पहाटे चारला बूट घालून तयार.

मग विचारलं, काल रात्री त्या काय सांगत होत्या?

“शाळेतलंच काहीतरी.”

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही, तपासणीला साहेब आले होते.” एवढंच. यावर जांभई मलाही आली असती. नीट, पहिल्यापासून सांगा म्हटलं, तेव्हा कळलं, की विस्तार अधिकाऱ्यांनी चौथीतल्या एका पोराला मोठेपणी कोण होणार असं विचारलं होतं. पोरगं म्हणालं, “तुमच्यासारखा साहेब. चहाबरोबर काजू मिळतात.” मुख्याध्यापकांनी काजूची बशी हळूच फायलींमागे सरकवली.

नवरा खो-खो हसला. “हे तू मला सांगितलंच नाहीस!”

“सांगायला लागले की तुझा अंगठा मोबाईलवर फिरत असतो. मग मी आवरतं घेते.”

कॅनडातल्या जॅनेट बाव्हेलास आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. थोडक्यात बचावल्याचे किस्से लोकांनी सांगायचे. काही श्रोत्यांना मात्र ते ऐकताना ठरावीक इंग्रजी अक्षराने सुरू होणारे शब्द टिपायचं काम दिलेलं. अशा श्रोत्यांपुढे सांगणाऱ्यांचे किस्से फसले, आणि तेही ऐन शेवटाला. माणूस रटाळ होण्यात ऐकणाऱ्याचाही हात असतो तो असा.

गाण्याचंही तेच. संथ लयीतल्या, म्हणजे विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, जवळजवळ मिनिटभर चालू शकतं. मधे दोन मेसेज बघून आलेल्याला, समेवर, म्हणजे फेरा पुन्हा पहिल्या मात्रेवर आला की, लोक माना का डोलावतात ते कळणार कसं?

काही माणसं खरंच रटाळ असतात, हेही मान्य. समोरच्याला एक प्रश्न न विचारता स्वतःच्या ऑपरेशनची कहाणी तिसऱ्यांदा ऐकवणारी. तिथून खुशाल उठावं.

या दोघांचं ठरलं ते साधंच: जेवताना दोन्ही मोबाईल आतल्या खोलीत, आणि तिच्या बोलण्यावर त्याने एक तरी प्रश्न विचारायचा. नुसतं ‘मग?’ चालणार नाही. पहिले काही दिवस मुलाखत दिल्यासारखं वाटलं, असं बाई नंतर सांगत होत्या. हल्ली त्या शाळेतल्या शिपायाची नक्कलसुद्धा करून दाखवतात म्हणे.

शास्त्रीय गाण्यातला ख्याल मात्र नवरोबांना अजून झेपत नाही. मध्यंतराला बटाटेवड्याच्या रांगेत लागतात ते थेट शेवटच्या भैरवीला आत येतात. त्याबद्दल बाईंची तक्रार नाही.