डोंबिवली ते मरोळ: गाडीचा हप्ता झेपेल का?

डोंबिवलीहून एका वाचक ताईंनी लिहिलंय. वय 36, अंधेरीच्या एमआयडीसीत अकाउंट्सचं काम, हातात पगार 62,000. यजमानांचा 38,000, त्यांचं काम डोंबिवलीतच. घराचा हप्ता 27,000. मुलगा तिसरीत, त्याला सासूबाई सांभाळतात. एफडी 2 लाख 40 हजार. महिन्याला 8,000 ची आरडी आणि 6,000 ची एसआयपी. लोकलच्या गर्दीने मानेचं दुखणं मागे लागलंय, म्हणून 9 लाखांची सीएनजी गाडी घ्यायचं ठरतंय आणि 11,000 भरून बुकिंगही झालंय. नाहीतर ऑफिसजवळ मरोळला भाड्याने राहायला जायचं, हा दुसरा विचार.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी स्वतः बारा वर्षं कल्याण-दादर केलंय. "कुठे उतरणार? घाटकोपर? मग तुमची सीट मला" हे संवाद, चौथ्या सीटवर अर्धं टेकून काढलेला तास आणि उतरायचं स्टेशन येण्याआधी दोन स्टेशनं दाराकडे सरकत राहणं मला पाठ आहे. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं लोकलमधून पडून दगावली. त्यानंतर घरचे तुम्हाला "गाडी घेऊनच टाक" म्हणतात, यात त्यांचं काही चुकत नाही.

पण आकडे मांडू. दीड लाख डाऊन पेमेंट आणि साडेसात लाखांचं कर्ज, 7 वर्षं, साडेनऊ टक्के व्याज धरलं तर हप्ता बसतो 12,260 च्या आसपास. व्याजच 2 लाख 80 हजार. रोजचं येणं-जाणं 80 किलोमीटर, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे 1,760 किलोमीटर. किलोला 22 चा अॅव्हरेज आणि 80 रुपये भाव धरला तर गॅसचे 6,400. विमा, सर्व्हिसिंग, टायर, सोसायटीचं पार्किंग यांचे महिन्याला 4,000 तरी धराच. झाले 22,660. सध्याचा पास, मेट्रो आणि रिक्षा यांचे 2,900 वाचतील, ते वजा केले तरी 19,760 जास्तीचे. तुमची सगळी बचत 14,000 ची आहे. आरडी आणि एसआयपी दोन्ही बंद करूनही पावणेसहा हजार कमीच पडतात.

आणि डाऊन पेमेंट एफडीतून जाणार. त्या 2 लाख 40 हजारांत आज तुमच्या घराचे तीन महिनेसुद्धा निघत नाहीत. दीड लाख काढले की उरतात 90,000. सासूबाईंना एकदा दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर? मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

तुम्ही लिहिलंय की मुंबईच्या वेशीवरचा टोल गेला, मग रस्ता स्वस्त झाला. टोल गेला हे खरं, ऑक्टोबर 2024 पासून पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना माफी आहे. पण शिळफाटा, महापे, ऐरोली पूल, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड हा रस्ता सकाळी आठला कसा असतो ते एकदा बघून या. यजमानांना घेऊन एका मंगळवारी भाड्याच्या टॅक्सीने जा आणि घड्याळ लावा. माझ्या अंदाजाने लोकल आणि मेट्रोपेक्षा वेळ कमी लागणार नाही, पावसाळ्यात तर जास्तच लागेल. शिवाय तुम्ही नुकत्याच गाडी शिकलाय. क्लच-ब्रेक करत रोज चार तास काढले तर मानेला आराम कुठे मिळणार? गाडीत बसायला मिळेल, पण मुलासोबतची संध्याकाळ तिथेही मिळणार नाही.

म्हणून मला तुमचा दुसरा विचार जास्त पटतो. मरोळला वन बीएचके 32,000, डोंबिवलीच्या घराचं भाडं 13,000 येईल, म्हणजे फरक 19,000. जवळपास गाडीइतकाच खर्च, पण दिवसाचे अडीच तास परत मिळतात. यजमानांना गर्दीच्या उलट दिशेने जायचं, त्यांना बसायला मिळेल. मात्र अनामत, दलाली, मुलाची शाळा आणि सासूबाईंचं मन हे सगळं त्यात येतं. घरभाड्यावर करसवलत मिळेल, हे कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. नव्या करप्रणालीत ती सूट नाही आणि तुमच्या पगारावर तिथे तसाही कर शून्य आहे. आज 19,000 तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे हेही आत्ता नको. पण पगार वाढेल तेव्हा वाढीव पैसा गाडीच्या आधी इथे लावा.

तोवर काय? त्याच लोकलमध्ये तसंच मरत राहा, असं मी सांगणार नाही. बचतीतले 4,000 काढून शरीरासाठी ठेवा. एसआयपी 6,000 वरून 2,000 वर आणा, आरडी सोडू नका, ती पूर्ण झाली की एफडीत घाला. बचत 14,000 वरून 10,000 वर येईल, आणि सल्लागार म्हणून मला ते मान्य आहे. काढलेल्या 4,000 मधून फर्स्ट क्लासचा पास काढा. तिमाही काढलात तर तीन महिन्यांसाठी महिन्याच्या पासाच्या 2.7 पट पैसे पडतात. फर्स्ट क्लासलाही गर्दी असते, मला माहीत आहे, पण सेकंडपेक्षा श्वास घेता येतो. उरलेल्या पैशांत महिन्यातून दोन-तीनदा, पाळीच्या दिवसांत किंवा मान धरली असेल तेव्हा, टॅक्सीने घरी या आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑफिसला वेळ बदलून मागा. साडेदहा ते साडेसात आणि महिनाअखेरीचं क्लोजिंग सोडून आठवड्यातून एक दिवस घरून. डॉक्टरांचा कागद जोडून लेखी मागा. अकाउंट्सवाल्या माणसाला हे मिळू शकतं, फक्त कुणी मागत नाही.

बुकिंगच्या पावतीमागे रद्द केल्यास किती कापणार ते छापलेलं असतं. ते वाचा आणि गाडीचा नंबर लागायच्या आधी, याच आठवड्यात, लेखी अर्ज देऊन पोच घ्या.