ड्रॉइंग टीचरची नोकरी सोडू का?

प्रश्न : मॅडम, मी ऐरोलीला अनुदानित शाळेत 2002 पासून ड्रॉइंग टीचर आहे, एटीडी (कलाशिक्षक पदविका) केलंय. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी करून घेण्यात वर्ष निघून जातं, स्वतःचं चित्र फक्त दिवाळीच्या सुट्टीत होतं. मुलगी आता कमावतेय. पूर्णवेळ चित्रं काढावीत असं फार वाटतं, पण घरचे म्हणतात रिटायरमेंटपर्यंत थांब. तुम्हीही शिक्षिका होतात, कसं जमवलंत?

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे नुसता राजीनामा लिहून देऊ नका, त्याने आधीची सेवा जाते. 20 वर्षं झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. तुम्ही 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलात, शाळा तेव्हा शंभर टक्के अनुदानावर असेल तर जुनी पेन्शनही आहे. सर्व्हिस बुक आजच बघून घ्या.

मला पैशापेक्षा जड गेलं ते वेगळंच. ठाण्यात 21 वर्षं शिकवून मी सोडलं आणि रोज सकाळी उपवन तलावाला बोर्ड घेऊन बसायला लागले, तर प्रत्येक चित्र अर्ध्या-पाऊण तासात संपायचं, कारण हाताला 35 मिनिटांचा तास माहीत, घंटा व्हायच्या आत फळ्यावर डेमो पूर्ण झालाच पाहिजे. आणि चित्रं नीटनेटकी, सगळ्यांना कळतील अशी, अगदी स्मरणचित्राच्या पेपरात मुलांना शिकवतो ना तशी, पुढे दोन माणसं, मागे झाड, एका कोपऱ्यात कुत्रा. ती माझी नव्हतीच, ती वर्गासाठी काढलेली होती. एक कागद तीन-चार दिवस अर्धा ठेवायचा, पुन्हा बघायचा, नको असलेलं पुसायचं, हे जमायला मला दीड वर्ष लागलं आणि त्या काळात एकही चित्र विकलं नाही. त्याची तयारी ठेवा.

शिकवणं वाया जात नाही हो. के. के. हेब्बारही 1940 च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, मग पूर्णवेळ चित्रकार झाले. इतकी वर्षं मुलांच्या रेषा बघितलेला डोळा ही तुमची कमाई आहे.

प्रदर्शनासाठी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करून ठेवा, नंबर लागायला काही वर्षं जातात. तोवर कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात ग्रुप शो करता येतो का बघा. खाजगी गॅलऱ्या विक्रीवर साधारण 30 ते 50 टक्के कमिशन घेतात, किंमत ठरवतानाच ते धरा.

आणि नोटीस द्यायच्या सहा महिने आधी एक करा, तुमच्या ऐरोलीची खाडी ओहोटीला काढा, चिखल, तिवरं, थंडीत फ्लेमिंगो. एकच कागद, महिनाभर. झाला की फोटो पाठवा, फ्लॅश न लावता, दिवसाउजेडी काढलेला.