वाचकांचे प्रश्न : लॅबव्ह्यूमधून फोल्डर बनवणं आणि उडवणं

प्रश्न : चाचणीचा डेटा त्या-त्या तारखेच्या फोल्डरमध्ये जावा म्हणून लॅबव्ह्यूमधलं (आकृतीत वायरी जोडून प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) 'क्रिएट फोल्डर' फंक्शन वापरलं. दिवसाची पहिली चाचणी नीट होते, दुसऱ्या वेळी एरर १० येतो. फोल्डर आहे का, हे आधी तपासावं का?

उत्तर : नको. एरर १० म्हणजे त्या जागी त्या नावाचं काहीतरी आधीपासून आहे, आणि दुसऱ्या चाचणीला ते असणारच. 'चेक इफ फाइल ऑर फोल्डर एग्झिस्ट्स' लावून पुढे केस स्ट्रक्चर (उत्तरानुसार वेगळा कोड चालवणारी चौकट) बांधायची पद्धत आहे खरी; पण दोन लूप एकाच वेळी चालत असतील, तर तपासणं आणि बनवणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा लूप फोल्डर बनवून मोकळा होतो आणि १० पुन्हा हजर.

त्यापेक्षा सरळ फोल्डर बनवा, एररची वायर 'क्लिअर एरर्स'मध्ये न्या आणि पुसायचा कोड म्हणून फक्त १० द्या. जुन्या आवृत्तीत ही सोय नसेल, तर 'अनबंडल बाय नेम'ने एररमधला कोड वेगळा घेऊन १० शी ताडून बघा. बाकीचे एरर पुढे जाऊ द्या. सगळेच गिळलेत तर लिहायची परवानगी नसल्याचंही कळणार नाही. एक खोच लक्षात ठेवा : त्या नावाची फाइल पडलेली असली तरी १० च येतो. मग अडचण पुढे, डेटा लिहिताना उघडी पडते.

तारीख २०२५-०३-०७ अशी, वर्ष आधी घालून लिहा. वेळ जोडायची असेल तर मध्ये कोलनचं चिन्ह (:) नको, विंडोजला ते नावात चालत नाही. सिरियल पोर्टचं नावही (कॉम१, कॉम३) फोल्डरला जसंच्या तसं देऊ नका, ती नावं विंडोजने उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत. नावाच्या सुरुवातीला 'मापन_' जोडलंत की भागतं. आणि पाथ (फोल्डरचा पत्ता) पूर्ण हवा, ड्राइव्हपासून. अर्धवट पाथला एरर १४३० मिळतो.

प्रश्न : जुने फोल्डर 'डिलीट'ने उडवतो, पण फोल्डर रिकामा नसेल तर एरर येतो.

उत्तर : 'डिलीट'ला 'एंटायर हायरार्की' नावाचं इनपुट आहे, ते मुळात फॉल्स असतं. तिथे ट्रू दिलंत की आतल्या फाइल्स आणि उपफोल्डरसकट सगळं जातं. रीसायकल बिनमध्ये नाही, कायमचं. त्यामुळे हे ट्रू हात राखूनच जोडावं.

उडवायचं नाव ऑपरेटरच्या टेक्स्ट बॉक्समधून कधीही घेऊ नका. कुणी दोन टिंबं टाइप केली, तर 'बिल्ड पाथ' एक पायरी वर चढतो आणि सगळा डेटाच्या डेटा पुसला जातो. नावं 'लिस्ट फोल्डर'कडून घ्या. तारीख वर्षापासून लिहिलेली असेल, तर जुनं कोणतं हे साध्या स्ट्रिंग तुलनेनेच कळतं. डिलीटच्या आधी 'स्ट्रिप पाथ'ने पाथचा शेवटचा भाग कापून वरचा (पालक) फोल्डर मिळवा आणि तो तुमच्या डेटा फोल्डरशी जुळतो का, तेही बघा. पाथचं इनपुट रिकामं गेलं तर फाइल निवडायची खिडकी उघडते. रात्री एकट्याने चालणारी चाचणी तिथेच अडकून बसते.

एवढं करूनही एरर ५ किंवा ८ आला तर फाइल कुठेतरी उघडी आहे का, ते पाहा. बहुतेक वेळा आपल्याच प्रोग्रॅममध्ये 'टीडीएमएस क्लोज' (लॅबव्ह्यूची मापनाची डेटा फाइल बंद करणं) राहून गेलेलं असतं, नाहीतर कुणीतरी एक्सेलमध्ये फाइल उघडून ठेवलेली असते. अशा वेळी फोल्डर अर्धा उडालेला, अर्धा तसाच, अशी स्थिती होऊ शकते; तेव्हा लॉगमध्ये 'पुसला' असं लिहायच्या आधी तो खरंच गेला का, ते तपासा.

प्रश्न : लॅबव्ह्यूत चालतं, एक्झीमध्ये (त्यापासून बनवलेल्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये) फोल्डर बनत नाही.

उत्तर : 'करंट व्हीआयज पाथ' (चालू व्हीआयचा, म्हणजे लॅबव्ह्यूच्या प्रोग्रॅम फाइलचा पत्ता) एकदा स्ट्रिप करून पुढे 'डेटा' जोडला असणार. एक्झीमध्ये व्हीआयचा पाथ एक्झी फाइलच्या आतला असतो, म्हणजे तुम्ही एका फाइलच्या पोटात फोल्डर बनवायला सांगताय. 'अॅप्लिकेशन डिरेक्टरी' वापरा. प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसवलेला असेल तर तेही पुरणार नाही, साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही. मग 'गेट सिस्टिम डिरेक्टरी'मधून 'पब्लिक अॅप्लिकेशन डेटा' निवडा आणि फोल्डर तिथे बनवा.