वाचकांचे प्रश्न: 1 ऑगस्टला दोन फोटो का?

प्रश्न: आमच्या शाळेत 1 ऑगस्टला टेबलावर दोन फोटो असतात, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती. सातवीच्या पोरांनी विचारलं, दोघांचं सालही एकच आहे का? आणि त्या तारखेला अजून काय काय झालंय?
(एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर: हो ताई, सालही एकच, 1920. टिळक गेले मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, 31 जुलैची मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणून तारीख 1 ऑगस्ट लागते. आणि त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात भाऊराव आणि वालुबाईंच्या पोटी तुकाराम जन्माला आला, तेच आपले अण्णाभाऊ. वाटेगाव आज सांगलीत येतं पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, तो सगळा भाग तुमच्या सातारा जिल्ह्यातच होता, हे पोरांना आवर्जून सांगा, त्यांना भारी वाटेल.

तारीख जुळली हा योगायोगच आहे, त्यात काही दैवी संकेत वगैरे शोधू नये असं माझं मत. पण दोघांना जोडणारा एक खरा धागा आहे आणि तो गिरणगावातून जातो. 1908 मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात 6 वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी गिरण्या बंद पाडल्या, 6 वर्षांसाठी 6 दिवस, रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. या संपाची दखल तिकडे लेनिननेसुद्धा घेतली होती. पुढे अण्णाभाऊ लहानपणी घरच्यांबरोबर वाटेगावहून चालत मुंबईला आले, पडेल ते काम केलं, गिरणीत राबले आणि याच कामगारांच्या वस्तीत कम्युनिस्ट झाले. शाळा म्हणाल तर जेमतेम दीड दिवस! तरी 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना गावावर राहिली' गाऊन मैदानं हलवली, आणि 1959 ला 'फकिरा' आली, जी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बहुतेक शाळांत टिळकांवर तीन भाषणं होतात आणि अण्णाभाऊंच्या फोटोला नुसता हार, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जमलं तर या वर्षी एखाद्या पोराच्या हातात डफ द्या आणि ती मैना गाऊ द्या, छक्कड आहे, म्हणजे तमाशातल्या लावणीचाच एक प्रकार, पोरं लगेच ताल धरतात.

आता त्याच दिवसाची तिसरी गोष्ट. असहकार चळवळ सुरू करायची तारीख 1 ऑगस्ट 1920 हीच आधी ठरलेली होती. गांधीजींनी त्या दिवशी व्हाइसरॉयला पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धसेवेची दोन पदकं परत केली. आणि त्याच दिवशी ते टिळकांच्या अंत्ययात्रेतही होते, तिरडीला खांदा द्यायला. भर पावसात मुंबई लोटली होती, एवढी गर्दी कुठल्या स्मशानात मावणार, म्हणून खास परवानगी काढून गिरगाव चौपाटीवर वाळूतच अग्नी दिला. आज तिथे टिळकांचा पुतळा आहे. म्हणजे बघा, एका नेत्याचं जाणं आणि दुसऱ्याच्या आंदोलनाची सुरुवात एकाच शहरात एकाच दिवशी, मुलांना इतिहास शिकवायला यापेक्षा चांगला दिवस मला तरी माहीत नाही.

अजून एक, हे शेतकऱ्यांच्या पोरांसाठी: 1 ऑगस्टला राज्यात महसूल दिनही असतो कारण महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपतं. सातबारा, तलाठी, तहसील हे शब्द त्यांनी घरी रोज ऐकलेले असतात, त्यामुळे हे वेगळं समजवावं लागणार नाही.