पार्टी व्हिलाविरुद्ध वाड्याने कोर्टात जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेजारचं बंद घर कुणीतरी घेतलं, पूल खणला, आता दर शुक्रवार-शनिवार पहाटे तीनपर्यंत डीजे. चार वेळा पोलिसांचा 112 फिरवून झालं. वाड्याच्या, म्हणजे आपल्या वस्तीच्या, समितीने कोर्टात जावं का?

जावं. पण आधी महिना-दोन महिने कागद जमवा. आम्ही गोव्यातल्या बार्देश तालुक्यात याच दुखण्यातून गेलोय आणि पहिलं वर्ष फुकट घालवलं, म्हणून सांगतो.

ते वर्ष आम्ही डेसिबल मोजण्यात घालवलं. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45. गच्चीवर उभं राहून मोबाइलच्या ॲपवर आकडे टिपायचे, पोलिसांची गाडी वळणावर दिसली की तिकडे आवाज खाली, गाडी गेली की पुन्हा वर. ॲपच्या आकड्याला वजन नाही, आणि मीटर घेऊन कुणी येईपर्यंत पाहुणे मोपा विमानतळाच्या वाटेला लागलेले.

मग म्हापशाच्या एका वकीलबाईंनी 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम पुढ्यात ठेवले. नियम 5 वाचा. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर किंवा ॲम्प्लिफायर फक्त बंदिस्त जागेत, तोही आतल्या लोकांपुरता. उघड्या पूलकाठी दहानंतर स्पीकर चालू असला की नियम तिथेच मोडला. मीटर लागतच नाही! तक्रारीत "फार त्रास होतो" असं लिहिण्याऐवजी "रात्री 11.40 ला उघड्यावर ॲम्प्लिफायर चालू होता" असं लिहा आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर इनवर्डचा (पोचीचा) शिक्का घ्या. पोलीस, उपजिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पंचायत, चौघांनाही. पुढे हायकोर्टात रिट याचिका करायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो की अधिकाऱ्यांकडे आधी गेला होतात का.

दुसरं, पाहुण्यांशी भांडू नका. ते सोमवारी नसतात. आमच्यातला एकजण रात्री गेटवर गेला, शब्दाला शब्द वाढला आणि उलट त्याच्याच नावाने धमकीची तक्रार झाली. केअरटेकरवरही राग काढू नका. आमच्याकडचा पोरगा बिचारा कुंपणाच्या भिंतीवर कानात बोळे घालून बसलेला असायचा, त्यालाही सकाळी सहाला पूल साफ करायचा असे. धरायचा तो मालक. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा, सातबाऱ्यासारखा) नाव मिळतं. घर दुसऱ्याच कंपनीला चालवायला दिलेलं असेल तर दोघांनाही प्रतिवादी करा.

खरी नस मात्र धंद्याची. गोव्यात पर्यटकांना भाड्याने खोल्या द्यायच्या तर 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. माहिती अधिकारात विचारा, नोंदणी आहे का, कोणत्या नावाने, किती खोल्यांची. पंचायतीलाही परवान्याबद्दल विचारा. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. बुकिंगच्या साइटवरची जाहिरात दरासकट आजच उतरवून ठेवा, नोटीस गेली की ती गायब होते. माझं मत विचाराल तर आवाजाची तक्रार रविवारी सकाळी मरते, नोंदणीची मरत नाही.

रिट सोडली तर कोर्टाचे रस्ते दोन. उपजिल्हाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपद्रव हटवण्याचा अर्ज (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 133). तो स्वस्त, पण साहेबांच्या मर्जीवर. दुसरा दिवाणी दावा. समिती नोंदणीकृत नसेल तर अडू नका, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 खाली दोन किंवा जास्त माणसं कोर्टाच्या परवानगीने सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावू शकतात. त्यातच तात्पुरत्या मनाईचा अर्ज घाला, नाहीतर तारखांमध्ये दोन वर्षांचे डिसेंबर निघून जातील. व्हिडिओ देणार असाल तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ज्या फोनवर काढले तो फोन विकू नका.

आणि हो, आपलंही घर तपासा. समोरच्या वकिलाने आमच्याच एका सभासदाच्या मुलाच्या वाढदिवसाचा डीजे उकरून काढला होता. फोटोसकट! त्या दिवसापासून वाड्यावर दहाला स्पीकर बंद, बारसं असो की लग्न.

आमचा सगळ्यात भारी पुरावा कुठला होता सांगू? आईचं कालनिर्णय. ॲप नाही, रेकॉर्डिंग नाही. झोप मोडली की ती उठून त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायची: "11.40 ते 2.55. खिडकीची तावदानं थरथरली." मी ते सुबक टाइप करून वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी टाइप केलेले कागद बाजूला सारले आणि मूळ पानं मागितली, दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅसच्या नोंदींसकट. त्यावर्षीचं कॅलेंडर अजून त्यांच्याच फायलीत आहे, आणि आई अजून विचारते की मार्चचं दूध किती दिवस आलं नव्हतं.